‘मातेने ताडिले’ आणि मूल रडले : ‘ताडण’ या शब्दाविषयी

प्रश्न थोडक्यात असा आहे. आजीकडून आलेली कृष्णलीलेची हस्तलिखित पोथी एक ताई घरी बसून उतरवून काढत आहेत. त्यात यशोदेच्या प्रसंगात ‘ताडिले’ हे क्रियापद दोनदा आले. ताईंच्या बोलण्यात ‘ताडणे’ म्हणजे मनातले ओळखणे, अटकळ बांधणे. त्या अर्थाने वाचले तर आई मुलाला ओळखते आणि मूल लगेच रडू लागते, असा विचित्र प्रसंग तयार होतो. म्हणून त्यांनी तीन गोष्टी विचारल्या आहेत. या शब्दाचा खरा अर्थ काय? जुन्या साहित्यात तो कसा येतो? आणि त्या पेशवेकाळावर एक कथा लिहीत आहेत, तिच्यात हा शब्द वापरावा का?

पहिल्या प्रश्नाचे उत्तर एका ओळीत देता येते. तुमच्या पोथीत ‘ताडिले’ म्हणजे मारले. आईने मुलाला चोप दिला, म्हणून ते रडले. पण तेवढ्यावर थांबणे मला जमणार नाही. जुनी मराठी शिकवण्यात आणि पोथ्यांचे पाठ लावण्यात माझी तीस-पस्तीस वर्षे गेली, आणि या काळात ज्या शब्दांकडे मी पुन्हा पुन्हा वळले त्यांतला हा एक आहे. मारण्याला मराठीत शब्दांचा तोटा नाही. तरीही ‘ताडण’ त्या सगळ्यांहून वेगळा राहतो. तो कसा, हे सांगायला थोडी जागा लागेल.

संस्कृतात ‘तड्’ हा धातू आहे. धातुपाठात, म्हणजे संस्कृत धातूंच्या जुन्या यादीत, त्याचा अर्थ दिला आहे ‘आघाते’, म्हणजे आघात करणे. त्याचे रूप ताडयति, नाम ताडन. मराठीत आल्यावर ‘न’चा ‘ण’ झाला आणि ‘ताडण’ हे रूप रुळले. पोथ्यांत दोन्ही सापडतात; पंडिती कवी ‘ताडन’ लिहितो, ओवीकाराच्या हातून ‘ताडण’ उतरते. आपल्या रोजच्या ‘ताडणे’चा, म्हणजे ओळखण्याचा, अर्थ वेगळा आहे आणि तो आज एवढा पक्का बसला आहे की जुना अर्थ कोणाच्या मनातही येत नाही. पोथी लावताना मी एक साधी कसोटी वापरते. क्रियापदाचे कर्म पाहावे. कर्म जर मनोगत, भाव, खूण, कपट असे काही असेल तर ‘ओळखणे’. कर्म जर माणूस, जनावर किंवा वाद्य असेल आणि आसपास वेत, काठी, हात, पाय यांपैकी काही असेल तर ‘मारणे’. नव्वद टक्के जागा एवढ्याने सुटतात. उरलेल्या जागी अक्षर पुन्हा नीट पाहावे, कारण मात्रा पुसट झाली की ‘तोडिले’चे ‘ताडिले’ होते आणि आपण नसलेल्या शब्दावर डोके खाजवत बसतो.

आता मुख्य मुद्दा. मारण्यासाठी आपण जे दोन शब्द सर्वांत जास्त वापरतो, मारणे आणि हाणणे, ते दोन्ही मुळात जीव घेण्याचे शब्द आहेत. ‘मारणे’ हे मृ धातूच्या प्रयोजक रूपातून आले, अर्थ मरायला लावणे. ‘हाणणे’ हन् धातूतून आले, तोही वधाचाच. वापरून वापरून दोघांची धार बोथट झाली आणि ते फटक्यापर्यंत खाली उतरले. ‘मारणे’चे मात्र अजून दोन्ही डगरींवर पाय आहेत. ‘मुलाला मारले’ म्हटले तर मूल रडत असेल. ‘वाघ मारला’ म्हटले तर वाघ उठणार नाही. प्रत्ययाने आणि कर्माच्या जातीने आपण हा फरक नकळत करतो, आणि खात्री हवी असेल तेव्हा ‘ठार’ जोडतो. ‘ताडण’ला ही अडचण कधी आलीच नाही. तो पहिल्यापासून फक्त आघाताचा शब्द आहे. ज्याला ताडले तो जिवंत राहतो, आणि तो जिवंत राहावा, त्याने काहीतरी शिकावे, वाजावे, बोलावे, ताळ्यावर यावे, अशी ताडणाऱ्याची अपेक्षा असते. या अपेक्षेतच या शब्दाचा सगळा स्वभाव आहे.

म्हणून तो बाप, आई, गुरू, राजा यांच्या हाताला चिकटलेला दिसतो. चाणक्याच्या नावावरचा श्लोक बहुतेकांनी ऐकलेला असतो : ‘लालयेत् पञ्च वर्षाणि दश वर्षाणि ताडयेत्’. पाच वर्षे लाड करावेत, पुढची दहा वर्षे ताडावे आणि सोळावे लागले की मुलाशी मित्रासारखे वागावे. याच्याही आधी पतंजलीच्या महाभाष्यात एक श्लोक येतो. त्यात म्हटले आहे की गुरू मारतात ते अमृत लावलेल्या हातांनी, विष शिंपडलेल्या हातांनी नव्हे. लाडातून दोष येतात आणि ताडणातून गुण. व्याकरणाच्या ग्रंथात, रागावून हाक मारताना शब्दाचे काय होते या चर्चेत, हा श्लोक सहज आला आहे. इतका सहज की त्या काळी ही समजूत किती रुजलेली होती हे त्यावरूनच कळते.

पण या शब्दाचा खरा तपास मनुस्मृतीत लागतो. चौथ्या अध्यायात सांगितले आहे की रागाच्या भरात दुसऱ्यावर काठी उगारू नये, पाडू नये. अपवाद फक्त मुलगा आणि शिष्य, त्यांना शिकवण्यासाठी ताडावे. आठव्या अध्यायात ही यादी वाढते. बायको, मुलगा, दास, चाकर, सख्खा भाऊ यांच्याकडून अपराध झाला असेल तर त्यांना दोरीने किंवा बांबूच्या फोकेने ताडावे. तिथला शब्द आहे ‘ताड्याः’, ताडण्यास योग्य. लगेच पुढच्या श्लोकात मर्यादा घातली आहे : पाठीवर मारावे, डोक्यावर कधीही नाही, याहून वेगळे मारणाऱ्याला चोराचे पाप लागते. आता ही शेवटची ओळ मूळ संस्कृतात पाहा. मर्यादेबाहेर मारणाऱ्यासाठी तिथे ‘ताडयन्’ म्हटलेले नाही, ‘प्रहरन्’ म्हटले आहे. हात तोच आणि दोरीही तीच. हक्काच्या आत राहिला तर ‘ताडन’, हक्काची रेघ ओलांडली की ‘प्रहार’. श्लोक वाचणाऱ्याच्या नजरेतून हे सुटते, कारण भाषांतरात दोन्ही ठिकाणी ‘मारणे’ येते. मी वर्गात हे दोन श्लोक शेजारी शेजारी फळ्यावर लिहायचे आणि मुलांना फक्त क्रियापदांखाली रेघ मारायला सांगायचे.

(आपल्याकडची ‘पाठीवर मारा पण पोटावर मारू नका’ ही विनवणी याच मर्यादेची दुसरी बाजू वाटते मला. तिथे मर्यादा मार खाणारा मागतो आहे, आणि अर्थातच तो ‘ताडा’ म्हणत नाही.)

मराठीचे व्याकरणही हीच गोष्ट सांगते. आपण मार खातो, चोप खातो, फटके खातो, छड्या खातो. ताडण कोणी खात नाही. ताडण फक्त ‘करतात’. माझ्या लहानपणी सातारा जिल्ह्यातल्या एका शाळेत हातावर छडी बसणे ही रोजची गोष्ट होती. घरी येऊन आम्ही ‘आज मार बसला’ म्हणायचो, आमची आई ‘काय केलं होतंस?’ विचारायची, शेजारचे आजोबा ‘छडी लागे छमछम’ म्हणायचे. ‘माझे ताडण झाले’ असे कोणत्याही मुलाच्या तोंडून मी ऐकले नाही, आणि शब्द ठाऊक असता तरी कोणी म्हटले नसते. तो शब्द ज्याच्या पाठीवर बसतो त्याचा नाही. म्हणींतही पाहा. ‘तोंड दाबून बुक्क्यांचा मार’ आहे. ताडण असलेली एकही म्हण मला आठवत नाही. म्हणी जन्माला घालणारी माणसे बहुतांशी मार खाणाऱ्या बाजूची होती.

मारण्याचे आपले बाकीचे शब्द कुठून आले हेही या निमित्ताने पाहण्यासारखे आहे. बडवणे, झोडणे, कुटणे, कांडणे, चोपणे, धोपटणे, तिंबणे. हे सगळे शेतातून, अंगणातून, उखळाशेजारून आणि नदीच्या घाटावरून आलेले शब्द आहेत. कणसे बडवतात, कोकणात भाताच्या पेंढ्या झोडतात, मिरची कुटतात, धान्य कांडतात, मातीची जमीन चोपण्याने चोपतात, परीट धुणे धोपटतो, कणीक तिंबतात. हातांना सवय असलेल्या कामांची ही नावे माणसाच्या पाठीवर आली, आणि म्हणून ती ऐकताना आवाज येतो, वजन कळते. ‘बदडले’ म्हटले की दृश्य दिसते. ‘ताडिले’ म्हटले की दृश्य दिसत नाही, नाते दिसते. कोणी कोणाला मारले आणि कोणत्या नात्याने, एवढेच ते सांगते. कशाने, किती, रक्त आले का, हे सांगत नाही. काही शब्द मार झाकण्यासाठी थट्टेचा आधार घेतात, जसे चौदावे रत्न दाखवणे, पूजा बांधणे, प्रसाद देणे. ‘ताडण’ मार झाकतो तो प्रतिष्ठेने.

आता संतकवितेकडे येते, कारण या फरकाची खरी किंमत तिथे कळते. चोखामेळ्याचा तो अभंग : ‘धाव घाली विठू आता चालू नको मंद’, आणि पुढे ‘बडवे मज मारिती ऐसा काहीतरी अपराध’. विठोबाचा हार तुझ्या गळ्यात कसा आला, देव बाटला, असा आरोप ठेवून पंढरपूरच्या बडव्यांनी त्याला मारले, तो हा प्रसंग. आता याच्या शेजारी मनूची अट ठेवा. ताडणासाठी समोरचा ‘प्राप्तापराध’ असावा लागतो. अपराध ठरलेला, लागू झालेला असावा लागतो. चोखोबा म्हणतो ‘काहीतरी अपराध’. कोणता, ते मारणाऱ्यांनाच ठाऊक. बडव्यांच्या दृष्टीने ते देवाच्या वतीने, अधिकाराने शिक्षा करत होते; त्यांच्यातल्या एखाद्या शास्त्र्याने हा प्रसंग लिहिला असता तर ‘ताडण’ शब्द त्याच्या लेखणीला सहज आला असता. चोखोबाने तो शब्द दिला नाही. त्याने साधे ‘मारिती’ म्हटले आणि त्यांचा हक्क शब्दातच नाकारला. अशा शब्दनिवडी कवी ठरवून करतो की त्याच्या तोंडून निघून जातात, यावर वाद घालता येईल. मला त्या वादात रस नाही. मार ज्याच्या अंगावर पडला त्याची भाषा अशी असते, एवढे मला पुरते. बहिणाबाईंनी (१६२८–१७००) आपल्या आत्मनिवेदनात नवऱ्याने वेणी धरून मारल्याचे सांगितले आहे. शास्त्राने ज्या नवऱ्याला ‘ताडण्याचा’ हक्क दिला होता त्याच्याबद्दल बायको स्वतः सांगते तेव्हा काय उरते, ते वाचायचे असेल तर ते अभंग वाचा.

तुकाराम पुन्हा वेगळे. त्यांच्याकडे मार खाण्याची भाषा आहे आणि मार देण्याचीही, आणि देताना ते कोणाचा अधिकार उसना घेत नाहीत. ‘मोजुनि माराव्या पैजारा’ असे ते म्हणतात. पैजार म्हणजे जोडा, फारसी शब्द. ‘मोजून’ या शब्दात हिशेब आहे, आणि जोडा असल्यामुळे अपमानही आहे. दुसरी ओळ सगळ्यांना पाठ आहे, पण बहुधा बदललेल्या रूपात. लोक म्हणतात ‘नाठाळाचे माथी हाणू काठी’. छापील गाथ्यात पाठ आहे ‘नाठाळाचे काठी देऊं माथां’. मला हा दुसरा पाठ कितीतरी जास्त आवडतो. त्याच्या आधीच्या चरणात भल्या माणसाला लंगोटी ‘देऊं’ म्हटले आहे. भल्याला लंगोटी देऊ, नाठाळाला काठी देऊ, क्रियापद एकच. देण्याच्या त्याच हाताने दोन्ही गोष्टी होतात. ‘हाणू’ घातले की ओळ आवेशाची होते, टाळ्या मिळतात, पण तो तोल जातो. आणखी एक पाहा. मनू म्हणतो डोक्यावर मारू नये, तुकोबा म्हणतात ‘माथां’च देऊ. ‘नाठाळ’ हा शब्द अडेल जनावरासाठी वापरतात, आणि इथे शिकवण्याचा आव नाही, त्यामुळे शिकवण्याची मर्यादाही नाही. म्हणून ‘ताडण’ इथे बसलेच नसते.

आता माझ्या म्हणण्याला छेद देणारी जागाही सांगायला हवी, नाहीतर मी तुमची दिशाभूल केल्यासारखे होईल. भागवताच्या अकराव्या स्कंधात तेविसावा अध्याय आहे, भिक्षुगीत. अवंतीचा एक कंजूष ब्राह्मण, सगळे धन गेल्यावर विरक्त होतो आणि भिक्षू बनून हिंडतो. गावगुंड त्याला छळतात, अन्नावर मुततात, डोक्यावर थुंकतात. तो मौन धरतो तेव्हा त्याला बोलायला लावतात, आणि मूळ शब्द असे आहेत : ‘ताडयन्ति न वक्ति चेत्’. बोलला नाही तर ताडतात. इथे ताडणाऱ्यांकडे कसलाही हक्क नाही. मग हा शब्द का? माझे वाचन असे आहे. गुरू शिष्याला ‘बोल’ म्हणून मारतो; इथे टवाळ पोरे ती गुरूची जागा बळकावून एका म्हाताऱ्याला ‘बोल’ म्हणून मारत आहेत. हक्काचा शब्द बिनहक्काच्या हातात दिल्यामुळे तो प्रसंग जास्त बोचतो. एकनाथांनी काशीत १५७३ मध्ये पुरी केलेल्या भागवतटीकेत हा अध्याय मराठीत आला आणि घरोघरी वाचला गेला. मार खाल्लेला तो भिक्षू शेवटी म्हणतो की माझ्या सुखदुःखाला ही माणसे कारण नाहीत, कारण माझे मन आहे. स्वतःच्या दातांनी स्वतःची जीभ चावली गेली तर रागवायचे कोणावर? आपल्या ‘आपलेच दात आणि आपलेच ओठ’ या म्हणीतही दात तेच आहेत, पण तिथे अडचण घरातल्या माणसांची असते. भिक्षूने ती अख्ख्या जगापर्यंत नेली.

भागवतातच दुसरी जागा, दहाव्या स्कंधात भृगूची. तिन्ही देवांत श्रेष्ठ कोण हे पाहायला निघालेला भृगू झोपलेल्या विष्णूच्या छातीवर लाथ मारतो. मूळ शब्द ‘पदा वक्षस्यताडयत्’. पायाने छातीवर ताडले. ऋषी परीक्षक आहे, म्हणून क्रियापद परीक्षकाचे. आणि विष्णू उठून त्याच्या पायाची विचारपूस करतो. मराठी कीर्तनांत हा प्रसंग शेकडो वेळा रंगला आहे, आणि तो रंगतो याचे कारण ज्याला ताडले तोच खरा मोठा ठरतो. अधिकाराचा शब्द इथे उलटा फिरतो.

अधिकार उलटा करण्याचा आणखी एक नमुना संस्कृत नाटकात आहे. ‘चतुर्भाणी’ म्हणून चार एकपात्री नाटके प्रसिद्ध आहेत, त्यांतले श्यामिलकाचे एक, नाव ‘पादताडितक’. मदनसेनिका नावाची गणिका प्रेमाच्या भरात विष्णुनागाच्या डोक्याला पाय लावते, आणि हा गृहस्थ आपले डोके विटाळले म्हणून प्रायश्चित्त शोधत फिरतो. आईने ज्या डोक्याची निगा राखली, गुरुजनांनी ज्याला आशीर्वाद दिले, त्याचे ताडण एका गणिकेच्या पायाने झाले, हे त्याचे दुःख. आणि ज्याला या पायाचे मोल कळले नाही त्याला प्रायश्चित्त कसले द्यायचे, हा विटांच्या, म्हणजे गणिकांच्या वस्तीत वावरणाऱ्या रंगेल पुरुषांच्या, सभेचा प्रश्न. नावातच ‘ताडित’ घातल्यामुळे सगळी गंमत उभी राहते. ‘पादप्रहार’ म्हटले असते तर ती मारामारी झाली असती.

वाद्यांबद्दल थोडक्यात. मृदंग, नगारा, ढोल यांच्या बाबतीत ‘ताडण’ हा शब्द अगदी निरागस आहे; आघात केला नाही तर नाद निघत नाही. मंत्रशास्त्रातही मंत्राच्या दहा संस्कारांत ‘ताडन’ नावाचा एक संस्कार आहे, लिहिलेल्या मंत्राक्षरांवर चंदनाच्या पाण्याने करायचा. निद्रिस्त वस्तूला जागे करणारा आघात, ही कल्पना या दोन्ही ठिकाणी सारखीच आहे.

या ढोलावरून तुलसीदासांच्या त्या चौपाईकडे यावेच लागते, कारण ती मराठी घरांतही म्हटली जाते आणि तुमच्या प्रश्नासारखाच घोटाळा तिच्याभोवती झाला आहे. सुंदरकांडात समुद्र रामाला म्हणतो : ‘ढोल गवाँर सूद्र पसु नारी। सकल ताड़ना के अधिकारी॥’ ही ओळ आज टोचते, आणि टोचायलाच हवी. ती बोथट करण्यासाठी काही जण सांगतात की इथे ‘ताड़ना’ म्हणजे ओळखणे, जाणून घेणे, लक्ष ठेवणे. मराठी माणसाला हे पटकन पटते, कारण आपला रोजचा अर्थ तोच. मला हे स्पष्टीकरण मान्य नाही. यादीत पहिला ढोल आहे, आणि ढोलाचे मनोगत कोणी ओळखत नाही. शिवाय मनूच्या ‘ताड्याः’ यादीतला दास आणि बायको इथे शूद्र आणि नारी होऊन आले आहेत. एका जुन्या शास्त्रवचनाची ही छाया आहे. ओळ समुद्राच्या तोंडी आहे, स्वतःला जड आणि हीन म्हणवून क्षमा मागताना तो हे बोलतो, हा मुद्दा खरा आहे आणि अर्थ लावताना धरायलाच हवा. पण शब्दाचा अर्थ बदलून कवीला वाचवू नये. शब्द जे म्हणतो ते म्हणू द्यावे, आणि मग त्या म्हणण्याशी भांडावे. आणि इथे ‘अधिकारी’ हा शब्द आला आहे, तोही पाहा. हक्क मारणाऱ्याचा असतो. या ओळीत मात्र मार खाणाऱ्यालाच त्या माराचा ‘अधिकारी’, म्हणजे पात्र, म्हटले आहे. ‘ताडण’ या शब्दात जे दडलेले असते ते इथे पूर्ण उघडे पडले आहे.

हा शब्द मराठीतून गेला का? माझ्या मते त्याची जागा ‘शिक्षा’ने घेतली. संस्कृतात शिक्षा म्हणजे शिकणे, विद्या. मराठीत तिचा अर्थ दंड झाला आणि तरी शिक्षक, शिक्षण हे शब्द तिच्याच कुळात राहिले. शिकवण्यासाठी मारणे ही ‘ताडण’ची सगळी कल्पना या एका शब्दाने गिळली. इंग्रजी अमलात कायद्याची भाषा आली, ‘फटक्यांची शिक्षा’ आली. १८६४ च्या कायद्याने ती देत असत आणि १९५५ मध्ये ती रद्द झाली. पोलिसांच्या कागदावर ‘मारहाण’ आली, म्हणजे त्याच दोन जुन्या वधवाचक शब्दांची जोडी. २००९ च्या शिक्षणहक्क कायद्याच्या सतराव्या कलमाने शाळेत मुलाला मारण्याला बंदी घातली. बापाचा, गुरूचा, मालकाचा मारण्याचा हक्क असा एकेक करून गेला, आणि ज्या शब्दाचे काम तो हक्क मिरवणे हेच होते त्याला उभे राहायला जागा उरली नाही. मला याचे वाईट वाटत नाही.

या बदलाच्या वाटेवर जोतीराव फुल्यांचे १८८३ चे ‘शेतकऱ्याचा असूड’ उभे आहे. नावातच मारण्याचे हत्यार आहे, आणि ते शेतकऱ्याच्या हातात आहे, ज्याच्या पाठीवर तोपर्यंत सगळ्यांचे ओढले जात होते त्याच्या. ‘ताडण’ हत्यार लपवतो. इथे हत्यारच पुढे केले आहे, आणि तेही बैल हाकणाऱ्याच्या रोजच्या वापरातले.

आता तुमची कथा. पेशवेकाळ आहे म्हणून निवेदनात ‘ताडण’ पेरू नका. त्याने काळ उभा राहत नाही, फक्त कोशाचा वास येतो. तो शब्द एखाद्या पात्राच्या तोंडी द्या आणि पात्र विचारपूर्वक निवडा. पुराणिकबुवा, घरातले कर्ते आजोबा, पाठशाळेचे गुरुजी, धर्मनिर्णय देणारा शास्त्री, यांच्या तोंडी तो खरा वाटेल. तुमच्या कथेतली जी विधवा सून आहे असे तुम्ही लिहिले आहे, तिच्या तोंडी तो घालू नका. सासरा ‘ताडण केले’ म्हणेल. ती ‘मारलं’ म्हणेल, किंवा काहीच म्हणणार नाही आणि पाठीवर हळद लावून घेईल. एकाच घटनेसाठी दोघांचे दोन शब्द ठेवलेत तर तुम्हाला वेगळे भाष्य लिहावे लागणार नाही. मोडीतले एखादे पत्र कथेत घालणार असाल तर तिथे मात्र जपा; घरगुती पत्रात ‘मारिले’ जास्त शोभेल, ‘ताडण’ पोथीत आणि व्यवस्थापत्रात, म्हणजे शास्त्र्यांच्या लेखी निर्णयात.

आणि पोथीच्या त्या पानाबद्दल. भागवतात दहाव्या स्कंधाच्या नवव्या अध्यायात यशोदा काठी घेऊन कृष्णामागे धावते, तो सापडतो, आणि मूल घाबरले आहे हे पाहून ती काठी टाकून देते. मग त्याला दोरीने बांधायला जाते. तिथे मार नाही. तुमच्या पोथीच्या कवीने ‘ताडिले’ घातले म्हणजे त्याने मुळापासून वेगळे काही केले आहे, निदान त्या दोन जागी. श्रीधरस्वामींच्या हरिविजयासारख्या घरोघरच्या पोथीशी हा प्रसंग ओवी-ओवीने ताडून पाहा. हा ‘ताडून पाहणे’ तुमच्या ओळखीच्या अर्थाचा आहे. कवीने काठी यशोदेच्या हातात शेवटपर्यंत ठेवली आहे की ‘ताडिले’ म्हणूनही ती नंतर टाकायला लावली आहे, हे पाहा, आणि त्या दोन ओव्यांच्या मागच्या-पुढच्या पाच-पाच ओव्यांचा फोटो काढून ठेवा. कागद जुना आहे, शाई उडत असेल, तर ते काम आधी करा.